हजराबीची दुखणी

बोरखडीच्या आमच्या मोफत दवाखान्यात आजारी माणूस कधीच येत नाही. जो येतो तो दुसऱ्याच कामाला आलेला असतो. बाया हजराबीकडं बांगड्या भरायला येतात, पुरुष सुंदररावांना भेटायला येतात, आणि आता आलोच आहोत तर म्हणून आत डोकावतात. डोकावल्यावर मुकाट्यानं दंड पुढं करतात. मी दंडाला पट्टा गुंडाळते, रक्तदाब बघते, चार शब्द सुनावते आणि गोळ्या देते. त्या गोळ्या कनवटीला दडवून माणूस बाहेर पडतो तो आभाळाकडं बघत.

मी वनमाला, इथली नर्स. गाव मला शिस्टरबाई म्हणतं. डॉक्टर मतीन सोमवारी आणि गुरुवारी पाटोद्याहून येतात. बाकीचे दिवस मी आणि माझा आवाज. माझ्या आवाजानंच निम्मे लोक बरे होतात, असं डॉक्टर म्हणतात. ते कौतुक आहे की टोमणा, हे मी अजून विचारलेलं नाही.

दवाखाना आहे सुंदररावांच्या जुन्या कापसाच्या गोडाऊनमध्ये. सुंदरराव गावातले मोठे जमीनदार आणि दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष. जागा त्यांची, पण गोळ्या आणि डॉक्टरांचं मानधन सरकारी अनुदानातून. दारातल्या लिंबाखाली हजराबी बांगड्यांची पाटी घेऊन बसते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कय्युम आष्टीला मोटारसायकली दुरुस्त करतो. तो ‘अम्मी, इकडं चल’ म्हणून दर ईदला गळ घालतो आणि ही दर ईदला शिरखुर्मा खाऊन परत येते. गावातल्या बायांना एवढ्या बांगड्या कशाला लागतात, असं कुणी परक्यानं विचारलं असतं, तर उत्तर द्यायची पंचाईत झाली असती. रक्तदाबाच्या बाया तर दर आठवड्याला बांगडी फुटली म्हणून येतात. हजराबी एक बांगडी भरते, एक डोळा मिटते आणि म्हणते, “जा आता आत. कुणी न्हाई.”

गंमत अशी, की दवाखान्याच्या दारात आयुष्य काढलेली ही बाई गावातली एकमेव ठणठणीत बाई आहे. सत्तरीच्या पुढं आहे, पण सुपारी दातानं फोडते.

ही सगळी लपवालपवी कशासाठी, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडं आजार माणसाला होत नाही, घराला होतो. बापाला दमा आहे असं कळलं, की पोरीचं स्थळ रस्त्यातून माघारी जातं. आईला शुगर आहे म्हटलं, की पोराच्या सोयरिकीत तीन माणसं खाकरतात. त्यामुळं प्रत्येकाला दुसऱ्याचं दुखणं माहीत असतं आणि स्वतःचं नसतं. मला याचा भयंकर संताप येतो. संताप येऊनही मी आजवर कुणाचं दुखणं कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या चैत्रात वरून निरोप आला. निधी कमी झालाय, तेव्हा जिल्ह्यातल्या अशा सगळ्या मोफत दवाखान्यांची पाहणी होणार. जिथं गरज दिसणार नाही तिथलं अनुदान बंद. साहेब येणार, लोकांना समोर बसवून विचारणार आणि ठरवणार. मी फोनवर म्हटलं, आमचं रजिस्टर भरलेलं आहे, ते बघा. तिकडून उत्तर आलं, “बाई, कागदावर सगळेच दवाखाने भरलेले असतात. साहेबांना माणसं बघायचीत.”

मला धसका बसला तो वैष्णवीमुळं. वैष्णवी म्हणजे गीताबाईची मुलगी. दिसायला नीटस, बारावी झालेली, कामाला वाघीण. तिला शाळेत असल्यापासून मिरगी आहे. रोज रात्रीची गोळी घेतली, की काही नाही. इतर पोरींसारखी पोर. पण मागं एकदा वरून गोळ्यांचा पुरवठाच थांबला, आणि चौथ्या दिवशी पोर चुलीजवळ पडली. दंडावर भाजल्याचा डाग अजून आहे. गीताबाई नवऱ्याबरोबर सहा महिने ऊसतोडीला कर्नाटकात असते. ती काही दर महिन्याला तालुक्याच्या दुकानातून या गोळ्या घेऊ शकत नाही. हे गावात घराबाहेर दोघींनाच माहीत होतं – मला आणि लिंबाखालच्या हजराबीला. दवाखाना बंद पडला तर बाकीचे कण्हत-कुथत पाटोद्याला जातील. ही पोर पुन्हा चुलीजवळ पडेल.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावलं. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या, गाव भरलेलं होतं. म्हटलं, “उद्या साहेबांसमोर ज्याला जे होतंय ते सांगायचं. लाजायचं नाही. नाहीतर परवापासून गोळ्या बंद.”

“सांगू की,” सगळे एका सुरात म्हणाले.

तानाजी माझा दम्याचा पेशंट. ऊसतोडीतला दणकट गडी, पण उसाचं पाचट जाळलं की छाती भरते. त्यानं हात वर केला. “शिस्टरबाई, दमा किती लागतो म्हणून सांगू?”

“जेवढा लागतो तेवढा सांग.”

“थोडा वाढवून सांगू का?”

“तानाजी, खाली बस.”

सुंदरराव म्हणाले, “मी सोता सगळ्यात आदी उटून सांगतो. अध्यक्षच मागं सरला तर कसं व्हायचं?” सुंदररावांना शुगर आहे. ते माझ्याकडं मागच्या दारानं येतात, आणि ते गोडाऊन त्यांचं स्वतःचं आहे. तेव्हा त्यांच्या तोंडून हे ऐकून मला भरून आलं. मी त्या दिवशी निवांत जेवले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर मांडव घातला, सतरंज्या अंथरल्या. गाव लोटलं. साहेबांची जीप आली. साहेब उतरले, साधे, चष्म्याचे, घामाघूम. आणि त्यांच्या पलीकडच्या दारातून, जीप चालवणारा माणूस उतरला. तो अभिमन्यू होता.

अभिमन्यू कोण हे सांगायला हवं. तो भाड्यानं जीप चालवतो, पण तो त्याचा जोडधंदा. खरा धंदा सोयरिकी जमवायचा. आष्टी, पाटोदा, धारूर – कुठल्या घरात लग्नाचा पोरगा आहे, कुठल्या घरात पोरगी, कुणाची चुलती कुणाकडं दिली, हे सगळं त्याच्या तोंडावर. तोंडावर असतं म्हणजे तोंडातून बाहेरही पडतं. लग्नसराई ऐन भरात होती. मांडवातल्या निम्म्या घरांची स्थळं त्याच्याकडं होती. वैष्णवीचंसुद्धा.

अभिमन्यू खांबाला टेकून उभा राहिला आणि सगळ्यांना ‘राम राम’ म्हणाला. मांडवातली माणसं ताठ झाली. कुबड आलेल्या म्हाताऱ्यांची कुबडं गेली. मला तेव्हाच कळलं, की आपलं वाटोळं झालं.

साहेबांनी सुरुवात केली. “बोला. दवाखान्याची गरज कुणाकुणाला आहे?”

सुंदरराव उठले. अभिमन्यूकडं बघितलं. त्यांच्या नातवासाठी धारूरकडचं स्थळ चाललं होतं. खाकरले आणि म्हणाले, “सायेब, आमच्या गावाची हवाच लई चांगली हाय.”

मी कपाळावर हात मारला. तो आवाज मांडवभर ऐकू आला.

“म्हणजे? आजार नाहीत?”

“तसं काय न्हाई. शिस्टरबाईंनी गाव असं ठिवलंय, की आजाराची हिंमत न्हाई यायची.” आणि हे बोलून त्यांनी माझ्याकडं अभिमानानं बघितलं. त्यांना वाटलं, माझं कौतुक केलं. तेवढ्यात चहा आला. पाहुण्यांसाठी केलेला, साखर चमच्याला चिकटणारा. साहेबांनी विचारलं, “तुम्हाला चालतो ना गोड?” सुंदररावांनी अभिमन्यूकडं बघून कप तोंडाला लावला, आणि संपल्यावर आणखी अर्धा मागितला.

साहेबांनी तानाजीकडं बोट केलं. “तुम्ही? छाती बोलतेय तुमची.”

“न्हाई सायेब.” तानाजीचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. तो मघापासून खोकला दाबून बसला होता. “गाणं म्हणतोय. मनातल्या मनात.”

मागून नाथा हसला. “गप बे,” तानाजी कसाबसा म्हणाला आणि पुन्हा श्वास कोंडून बसला.

नाथाला विचारलं, तो म्हणाला, ठणठणीत. तो त्या वेळी उभा होता, कारण मूळव्याधीनं त्याला बसता येत नव्हतं. पंडित गुरुजी, आमचे निवृत्त मास्तर, मधेच दोनदा उठून मांडवामागं जाऊन आले होते. त्यांनाही काही नव्हतं, फक्त ‘जरा फेरफटका’. गीताबाई वैष्णवीचा हात घट्ट धरून खाली मान घालून बसली होती. तिचं मला समजत होतं. बाकीच्यांचं डोकं फोडावंसं वाटत होतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “सिस्टर, मला आनंद आहे. निरोगी गाव आहे. जिथं खरंच गरज आहे तिथं निधी वळवायला माझं मन मोकळं झालं.”

माझ्या तोंडाशी सगळ्यांची नावं आली होती. एकेकाचं नाव घेऊन सांगायचं, बस्स. पण नर्सच्या तोंडातून ते बाहेर पडत नसतं. मी दात आवळून उभी राहिले. डोळ्यात पाणी आलं, ते रागाचं होतं असं मी मागून सगळ्यांना सांगितलं.

तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. “सायेब, मी लई बिमार हाय.”

हजराबी पाटी बाजूला सारून उठली. कमरेवर हात ठेवून, साधारण बिमार माणसं चालतात तशी, वाकत वाकत मांडवात आली.

“काय होतंय आजी?” साहेबांनी टोपण परत काढलं.

“शुगर हाय,” ती म्हणाली. सुंदररावांच्या हातातला कप बशीवर वाजला. “गोड खाऊ नको म्हणत्यात शिस्टर, पण मी चोरून खाते. पेढ्यावर लई जीव.”

“आणखी?”

“दमा हाय. पाचट जळालं, की जीव घाबरा होतो.” तानाजीनं मान खाली घातली. “बसायला येत न्हाई. ते कुठलं दुखणं ते चार माणसांत कावून सांगू, तुमी समजून घ्या.” नाथानं लगेच दुसरीकडं बघितलं. “गुडघे, पाठ, डोळ्याला कमी दिसतंय. बीपी तर असं, की शिस्टरचं मशीन थरथरतंय. आन लघवीला अडकतंय. डाक्टर म्हणले, गाठ हाय आतमदी, ते पुरस्थ का काय म्हणत्यात ती.”

साहेबांनी चष्मा काढला. “प्रोस्टेट? आजी, ती गाठ फक्त पुरुषांना असते.”

हजराबीनं पदर सारखा केला. “माझ्या मालकाची होती, सायेब. ते गेले आन माझ्यासाठी ठिवून गेले. दुसरं काय ठिवलं न्हाई त्यांनी.”

मांडवात कुणी हसलं नाही. जो हसणार होता त्याचंच काहीतरी ती पुढं सांगणार होती. मग तिचा आवाज जरा खाली आला. “आन मिरगी हाय. रोजची गोळी हाय इथली. ती चुकली, तर मी चुलीत पडंन, सायेब. हा दवाखाना बंद करू नका.”

गीताबाईनं पदर तोंडाशी नेला. त्या बाईनं सगळ्या गावाची दुखणी एकेक करून स्वतःच्या पाटीत भरून घेतली होती आणि एकाचंही नाव घेतलं नव्हतं.

पण साहेब काही बावळट नव्हते. “सिस्टर, आजींची शुगर बघा. बीपीपण बघा. माझ्यासमोर.”

करणार काय? बोटाला सुई टोचली. शुगर एखाद्या पोरीसारखी. रक्तदाब असा नेमका, की पुस्तकात छापावा. साहेब उठून उभे राहिले. आता त्यांचा आवाज चढला. “खोटे पेशंट उभे करता तुम्ही लोक? एका म्हातारीला पढवून बसवता? दवाखाना तर बंद होईलच, पण या फसवणुकीचंही मी वर कळवणार आहे. आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

हजराबी पहिल्यांदा घाबरलेली दिसली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पाटीकडं बघितलं. “हजराबी...” ती म्हणाली, आणि पुढचं नाव तिला आठवेना.

तेव्हा सुंदरराव उठले. दीड कप चहानं आधीच त्यांना घाम फुटला होता. त्यांनी बोट पुढं केलं. “तिचं नाव लिवू नका, सायेब. मशीन इकडं आना. ती शुगर माझी हाय.”

मी मशीन लावलं. आकडा बघून साहेबांनी चष्मा पुसून परत लावला. “अहो, तुम्ही उभे कसे आहात?”

“सवयीनं,” सुंदरराव म्हणाले आणि खाली बसले.

तेवढ्यात तानाजीचा बांध फुटला. मघापासूनचा सगळा खोकला एकदम बाहेर आला. मांडवाच्या दोऱ्या हलल्या, पुढच्या ओळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. श्वास मिळाल्यावर तो म्हणाला, “दमा माझा हाय. हजराबी, माघारी दे माझा मला.”

आणि मग रीघ लागली. हे गुडघे माझे. बीपी आमच्या हिचं. पंडित गुरुजी उठून, शाळेत बोलायचे तसं खड्या आवाजात म्हणाले, “ती गाठ पुरुषालाच असते, साहेब. मी तो पुरुष.” नाथा म्हणाला, “उरलं ते माझं हाय. त्याचं नाव घेऊ नका.” काही वेळानं प्रकरण हाताबाहेर गेलं. ज्यांना काही नव्हतं तेही दुखणी सांगू लागले. माझा रक्तदाब मोठा की तुझा, यावरून दोन जावा भांडल्या. साहेब लिहून लिहून थकले.

मधेच कुणीतरी खांबाकडं बघितलं, आणि सगळ्यांना अभिमन्यूची आठवण झाली. अभिमन्यू डोकं खाजवत पुढं आला. “माझ्याकडं कावून बघताय? सगळ्याच घरात हाय म्हणल्यावर मोडायची कुणाची सोयरीक?” मग बाही वर करत हळूच म्हणाला, “शिस्टरबाई, घाटात जीप चालवताना मला चक्कर येतीया. जरा बघता का?”

ते ऐकून साहेबांचं बीपी मात्र नक्कीच वाढलं असणार. त्यांना त्याच जीपमधून परत जायचं होतं.

शेवटी साहेबांनी विचारलं, “मिरगी राहिली. ती कुणाची?”

वैष्णवीनं आईच्या हातातून हात सोडवला. ती उठणार, एवढ्यात हजराबी तिच्या पुढ्यात आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं. “ती माझीच हाय,” ती साहेबांना म्हणाली. “आन ती तपासायचं मशीन इथं न्हाई. म्या बघितलंय.”

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या हाताखालच्या पोरीकडं बघितलं, आणि लिहिलं. चांगला माणूस होता.

अशी मिरगी हजराबीच्या नावावर चढली. महिन्याच्या गोळ्या ती घ्यायची आणि बांगड्यांच्या खोक्यातून गीताबाईच्या घरी पोचवायची. पण गावानं तिला सुखानं आजारी राहू दिलं नाही. हजराबीला दुपारच्या भाकरीनंतर लिंबाखाली डुलकी घ्यायची सवय. तिची मान जरा कलली, की कुणीतरी ओरडायचं, “आली, आली!” आणि चहूकडून लोक पायातल्या चपला काढून तिच्या नाकाला लावायला धावायचे. कुणी कांदा फोडून आणायचं. चप्पल लावू नका, कांदा लावू नका, नुसतं कुशीवर वळवा, असं मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आले होते, आणि ते आता एका धडधाकट बाईसाठी पुन्हा सांगत होते.

“शिस्टर,” ती एकदा नाक पुसत मला म्हणाली, “शुगरच ठिवून घ्यायला पायजे होती. त्याला चप्पल लागत न्हाई.”

मी हसले, पण हे प्रकरण तिला किती महागात पडणार हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ज्येष्ठात वैष्णवीचं लग्न ठरलं. घाटाखालच्या गावचा मुलगा, ट्रॅक्टर चालवणारा. सोयरीक अर्थात अभिमन्यूनंच जमवली. लग्न नवरीकडं होतं. हळदीच्या दिवशी अंगणात चुडा भरायला बाया जमल्या. हजराबी नवी पाटी, हिरव्या बांगड्यांचे जोड, नवं लुगडं अशी थाटात आली. या गावातल्या प्रत्येक नवरीचा चुडा तिनंच भरलेला. तिनं वैष्णवीचा हात मांडीवर घेतला, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई, सुनिताबाई, पुढं आली. ती आदल्या दिवसापासून मुक्कामाला होती, पण मी तिला तेव्हाच पहिल्यांदा बघत होते.

“थांबा,” ती म्हणाली. “हिलाच फीट येतीया ना? अभिमन्यू सांगत होता. आसल्या बाईच्या हातून माझ्या सुनंला चुडा नगं. दुसरी कुणी न्हाई का?” आणि तिनं हात लांब करून वैष्णवीचा हात हजराबीच्या मांडीवरून उचलला.

लांब केलेला हात मी बघितला. मी माणसं तोंडावरून कमी आणि दंडावरून जास्त ओळखते. कोपराच्या खाली गोंदलेला विंचू, शेपटी जरा वाकडी. तो विंचू मी दर गुरुवारी बघत होते. तोंडावर पदर ओढून एक बाई घाटाखालून यायची, नाव सांगायची नाही. रात्र रात्र झोप नाही, जीव धडधडतो, रडू आवरत नाही. डॉक्टर मतीननी तिला मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. स्वतःच्या गावात कळू नये म्हणून ती आमच्याकडं यायची, आणि परत जाताना दारात दोन बांगड्या भरून जायची. म्हणजे हा हात हजराबीलाही पाठ होता.

हजराबीनंही तो विंचू बघितला. आणि ती बांगड्या एकेक करून पाटीत ठेवायला लागली. एका वाक्यात त्या बाईला जमिनीत गाडता आलं असतं, आणि ती पाटी आवरत होती.

“आजी, थांबा.” वैष्णवी उभी राहिली. हळदीनं पिवळी, आवाज मात्र माझ्यासारखा. “त्यांना काय न्हाई. मिरगी मला हाय. त्यांनी माझ्यासाठी सोताच्या नावावर घेतली. आत्या, त्यांच्या हातचा चुडा नगं आसंल, तर माझा हातबी सोडा.”

गीताबाईनं पोरीचा पदर ओढला. चुलीवरचं आधण उतू गेलं, तिकडं कुणी बघेना. सुनिताबाईच्या हातात अजून पोरीचा हात होता, भाजल्याच्या डागाजवळ धरलेला. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, आणि तिनं मला ओळखलं.

मी काही बोलले नाही. बोलणारही नव्हते, देवाशपथ. पण ते तिला कुठं माहीत? मी नुसतं बघत राहिले. माझ्या बघण्याला पंचक्रोशीत नाव आहे.

सुनिताबाईनं मान वळवून हजराबीकडं बघितलं. हजराबी बांगड्याच मोजत होती. मग सुनिताबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली, बाही वर सारली आणि विंचवाचा हात पुढं केला.

“आदी माझ्या हातात भर,” ती म्हणाली. “मंग नवरीच्या. माझं माप तुला ठावं हाय.”

हजराबीनं मान वर केली. “हाय ठावं,” ती म्हणाली, आणि हुंदका देऊन तिनं पहिली बांगडी चढवली. माप तिला कसं ठाऊक, हे अंगणातल्या कुणीच विचारलं नाही. निम्म्या बायांची मापं तिला तशीच ठाऊक होती.

आता दर गुरुवारी सासू आणि सून एकाच मोटारसायकलवर पोराच्या मागं बसून येतात. तोंडावर पदर नसतो. मोटारसायकलवर तिघं बसतात म्हणून मी त्यांना दर गुरुवारी झापते.

दवाखान्याचं अनुदान एक वर्षासाठी चालू राहिलं. गोळ्यांना कात्री लागलीच. सुंदररावांना मी गोळ्यांच्या जोडीला चालायला लावलंय, ते चालतात आणि मला शिव्या देतात. परवा पुन्हा निरोप आला, या चैत्रात पुन्हा पाहणी. या वेळी मला कुणाला बोलवावं लागलं नाही. संध्याकाळी पारावर माणसं आपणहून जमली, आणि आधी कुणी सांगायचं यावरून तानाजीची आणि नाथाची जुंपली.

हजराबी काठावर बसून सगळं ऐकत होती. प्रत्येकानं आपापलं दुखणं उचललं. मिरगीपाशी आल्यावर, माहेरपणाला आलेली वैष्णवी म्हणाली, “ती माझी. मीच सांगनार.” सगळं वाटून झालं, तशी हजराबीनं पदर झटकला आणि रागानं माझ्याकडं बघितलं.

“आन मला काय? एवढ्या गावात एक दुखणं ठिवलं न्हाई तुमी माझ्यासाठी?”

सुंदरराव उठले, तिच्याजवळ जाऊन बसले. “तू आमच्या सगळ्यांच्या मधी बस,” ते म्हणाले. “सायबानं इचारलं, की ही कोण, तर सांगू, आमी बरं झाल्यावर आसं दिसनार हाय.”

हजराबीनं सुपारी तोंडात टाकली आणि कडकन फोडली.